तुतीच्या झाडाचा लांब शेरा

तीर्थरूप आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (आता जेवढं वाकता येतं तेवढाच आहे, उरलेला मनाने पोचता करून घे.) सगळ्यात आधी एक वाक्य लिहितो. ते वाचलंस की मग चष्मा पुसणं, पाणी पिणं, मला नावं ठेवणं, काय ते सावकाश कर. वाक्य असं: शाळेतलं तुतीचं झाड उभं आहे. पानाफांद्यांसकट, आपल्या जागी, आणि त्याच्यावरच्या साळुंक्या नेहमीसारख्या भांडताहेत.

हे आधी लिहायचं कारण, आपल्या जुन्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी तुला फोन करून "तुतीला दोर लावलेत, करवत आणलीय" असं सांगितल्याचं मला कळलं. त्या बाईंच्या हातून कपडा वेळेवर निघाल्याचं कुणी पाहिलेलं नाही, पण बातमी मात्र हातोहात तयार. तू मला पुन्हा पुन्हा फोन केलेस आणि मी उचलला नाही, तेव्हा तुझ्या मनात काय काय आलं असेल याची कल्पना आहे. माझा फोन त्या वेळी एका बाईंच्या स्कूटरच्या डिकीत होता आणि मी त्याच स्कूटरच्या मागच्या सीटवर, डोळे मिटून. तो प्रसंग पुढे येतोच.

तुझे गुडघे कसे आहेत? डावा अजून उजव्याशी बोलत नाही का? दाजींचा खोकला कमी झाला असेल. कानातलं यंत्र झिजू नये म्हणून ते खणात ठेवतात, हे तुझ्या मागच्या पत्रात वाचून तुझी भावजय इतकी हसली, की पोळी करपली आणि ती मलाच वाढली. आमच्याकडे तसं ठीक. माझी झोप कमी आणि स्वप्नं जास्त, हे प्रमाण जुनंच. परवा स्वप्नात शाळेतल्या बाईंनी मला उभं करून कविता म्हणायला सांगितली. दोन कडवी धडधडीत म्हटली आणि तिसऱ्याला पायजमा नसल्याचं लक्षात आलं. वय वाढलं तरी परीक्षा काही सुटत नाही.

तर मुद्दा. तुझी चिमणी (कॉम्प्युटरची इंजिनिअर झाली, लग्न झालं, तरी मला ती चिमणीच) गावाच्या झाडांच्या ऑफिसासाठी एक प्रोग्रॅम लिहून देते, हे तुला ठाऊक आहे. गावातल्या प्रत्येक झाडाला नंबर, आणि नंबरापुढे जात, वय, उंची, प्रकृती आणि शेरा. शेरे लिहिले होते निरनिराळ्या माणसांनी, बहुधा भर उन्हात उभं राहून. "झाड आहे." "झाड बरे." "फांदी आली आहे." (कुठे, ते नाही.) एका पिंपळापुढे "झाड तक्रार करते" असं होतं, म्हणजे शेजारी तक्रार करतात म्हणायचं होतं, पण पिंपळाची बाजू कुणी ऐकली आहे? माझी उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. चिमणी म्हणाली, "मामा, तू सकाळचा ये आणि एवढी भाषा सुधारून दे. घरात मामीच्या पायात पायात करण्यापेक्षा बरं." मी गेलो. खिडकीजवळचं टेबल, वर डगमगता पंखा, शेजारच्या टेबलावर कारकूनबाई, आणि बाहेर व्हरांड्यात प्रिंटर. काम मला इतकं गोड लागलं म्हणून सांगू! दिवसभर नुसती झाडं. एक एक बोलवायचं, त्याची विचारपूस करायची, शेरा सुधारायचा आणि परत पाठवायचं.

आणि एका सकाळी आपली तुती आली.

आक्का, पडद्यावर नुसतं लिहिलं होतं: "तुती. जुनी शाळा, मागचं आवार. प्रकृती निरोगी. शेरा: फळांनी फरशी खराब होते." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या झाडाच्या खालच्या आडव्या फांदीवर बसून तू मला सगळ्या कविता पाठ करून घेतल्यास, चुकलो की वरून एक तुती टाळक्यात मारायचीस, ज्याच्या जांभळ्या डागांवरून आपली घरी चौकशी व्हायची, त्याच्याबद्दल जगाला सांगायचं ते एवढंच, की फरशी खराब होते? शिवाय गेल्या वर्षीपासून तू म्हणते आहेस, गुडघे पुरते रुसायच्या आत एकदा त्या झाडाखाली येऊन बसायचंय. मी ठरवलं, तू येशील तेव्हा त्या झाडाची नोंद तुला वाचून दाखवता येईल अशी असली पाहिजे. सुधारलेला शेरा नव्हे. कविता.

पण अडचण बघ. प्रोग्रॅममध्ये शेऱ्याला जागा जेमतेम एका ओळीची. "तुझ्या फांदीवर बसुनी आम्ही" लिहून झालं की चौकोन भरला. आम्ही तिथेच बसलेलो. आठवडाभर मी त्या चौकोनाभोवती घुटमळलो. मग एकदा एका वठलेल्या बाभळीचं काम करताना लक्षात आलं, की झाडाच्या पुढे "तोडणे" अशी खूण केली की शेऱ्याचा चौकोन एकदम ऐसपैस होतो. पानभर लिहा. कारण सरळ आहे: झाड तोडायचं तर कारण सविस्तर द्यावं लागतं, आणि जगतंय त्याचं कारण कुणी विचारत नाही. (हे वाक्य मी चिमणीला ऐकवलं. ती म्हणाली, "मामा, ते ऑफिसनं सांगितलं म्हणून केलंय." कवीची कदर घरात होत नाही.)

आता, खऱ्या तुतीपुढे मी "तोडणे" कशाला लिहीन? मी स्वप्नाळू असेन, अविचारी नाही. मी तिची नक्कल काढली. निदान माझी तशी समजूत. तुती एका खिडकीत उघडलेली होती, ती मी दुसऱ्या खिडकीत पुन्हा उघडली आणि त्या खिडकीला नाव दिलं "कवितेसाठी". छापखान्यात आम्ही हेच करायचो. मूळ प्रत बाजूला, आणि दुसऱ्या प्रतीवर वाट्टेल तेवढ्या लाल रेघा. दुसऱ्या खिडकीतल्या तुतीपुढे मी बिनधास्त "तोडणे" लिहिलं, चौकोन अंगणाएवढा झाला, आणि मी कविता लिहायला बसलो. ती उतरली म्हणजे अशी उतरली, की पंखा डगमगायचा थांबला असं मला वाटलं. (वीज गेली असती तर पडदाही गेला असता, तेव्हा पंखा खरंच भारावला असणार.) पहिलं कडवं देतो:

तुझ्या फांदीवर बसुनी आम्ही
सात समुद्र ओलांडले;
घरी परतता बाहीवरचे
डाग आईने ओळखले.

अशी चांगली पानभर होती. पडद्यावर कविता वाचली की ती मला बातम्यांसारखी वाटते, म्हणून कागदावर बघावी या हेतूने प्रिंटचं बटण दाबलं. व्हरांड्यातून घरघर ऐकू आली. मी आनंदात सहज पहिल्या खिडकीकडे बघितलं. मूळ प्रतीकडे.

तिथेही "तोडणे". तिथेही माझी कविता.

मी पहिली खिडकी बंद करून तुती नंबराने पुन्हा मागवली: तोडणे. शाळेच्या पत्त्यावरून शोधली: तोडणे. "तुती" असं नाव घालून गावातल्या सगळ्या तुती मागवल्या, त्यात बाकीच्या हिरव्यागार आणि आपली एकटी मरणाच्या दारात. ज्या दाराने आत जावं तिथे तेच झाड, तीच खूण, आणि माझंच काव्य माझ्याकडे डोळे वटारून बघतंय. आपल्या कवितेची इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. (इतरांना वाटली असेल, तो वेगळा विषय.)

मी कारकूनबाईंना हाक मारली. या बाई थोडं बोलतात, पण बोलतात ते टाचणीसारखं. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर तुती काढली आणि म्हणाल्या, "आजोबा, माझ्याकडे ठणठणीत आहे."

"माझ्याकडे तोडायला काढलीय."

"मग तुमच्याकडची तुम्हीच काढली असणार. माझ्या झाडाला हात लावू नका."

मी चिमणीला फोन लावला. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मामा, सेव्ह केलंस का?" मी म्हटलं, मी कविता केली, बाकी काही केलं नाही. तेव्हा तिने जो निःश्वास टाकला, तो मला फोनशिवायही ऐकू आला असता. मग तिने समजावलं, ते तुला माझ्या शब्दांत सांगतो. सगळ्या झाडांच्या खऱ्या नोंदी एका कोठारात असतात. ती त्याला डेटाबेस म्हणते. आपण झाड मागवलं की प्रोग्रॅम कोठारात जाऊन त्याची नोंद आपल्या टेबलावर आणून ठेवतो. त्या टेबलाला ती मेमरी म्हणते. आणि एकदा टेबलावर आलेलं झाड तुम्ही पुन्हा मागितलंत, नंबराने मागा, पत्त्याने मागा, दुसऱ्या खिडकीत मागा, तर तो परत कोठारात जाऊन नवी प्रत आणत बसत नाही. टेबलावर आहे त्याच्याकडेच बोट दाखवतो. माझ्या दोन्ही खिडक्यांत दोन झाडं नव्हतीच, आक्का. एकच झाड होतं आणि मी त्याला दोन बाजूंनी बघत होतो. चिमणी म्हणाली, "आईला तू आक्का म्हणतोस, बाबा 'अगं' म्हणतात, शाळेतली मुलं बाई म्हणायची. म्हणून काय तिघी झाल्या? आक्काचा गुडघा दुखला तर बाईंनी पळत सुटायचं का?" मला ते तत्काळ पटलं. आयुष्यभर तुला एका हाकेत पकडून दुसऱ्या हाकेत सोडून द्यायचा प्रयत्न मी केला, जमलं नाही कधी.

पण खरी गोड गोष्ट पुढे होती. ती म्हणाली, "मामा, घाबरू नकोस. बदललंय ते नुसतं मेमरीत. कोठारातलं झाड जसंच्या तसं आहे, म्हणून तर बाईंना निरोगी दिसतंय. त्यांचं टेबल वेगळं. तू सेव्ह न करता प्रोग्रॅम बंद कर, की झालं." इतका हलका झालो की सांगता सोय नाही. बंद करायला गेलो, तर पडद्यावर पाटी आली: "केलेले बदल जतन करायचे का?" खाली दोन बटणं, होय आणि नको.

आक्का, जतन! अगं, या शब्दाला नको कसं म्हणायचं? ज्या माणसाने पाचवीची कंपासपेटी अजून ठेवली आहे त्याला विचारता, जतन करायचं का? माझं बोट आपोआप "होय"कडे निघालं. शिवाय त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं, की नको म्हटलं तर खुणेबरोबर कविताही जाणार. ती दुसरीकडे कुठेच नव्हती, थेट चौकोनात उतरली होती. मी फोनवर म्हटलं, "चिमणे, कविता तेवढी..."

"मामा, झाड की कविता?"

"अगं, पण उतरवून घ्यायला..."

एवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि "नको" दाबून गेला. कारकूनबाई. "आजोबा, झाडावर शंभर कविता होतील," त्या म्हणाल्या, "कवितेवर एक झाड होतं का बघा." मी तुती पुन्हा मागवली. आता टेबल रिकामं होतं, तेव्हा ती थेट कोठारातून आली. निरोगी. शेरा: फळांनी फरशी खराब होते. त्या दळभद्री शेऱ्याचं मी चुंबन घेणार होतो, पण पडदा फार धुळकट होता.

निदान छापलेला कागद तरी आहे, म्हणून मी व्हरांड्यात गेलो. प्रिंटरवर कागद नव्हता. पहारेकरी म्हणाला, "तो होय? तो मुकादम घेऊन गेला." झालं होतं असं, की "तोडणे" खुणेचं झाड छापायला दिलं की प्रोग्रॅम ते साध्या कागदावर छापत नाही, तोडणीच्या हुकुमाच्या नमुन्यावर छापतो. आणि झाडतोड्यांची टोळी रोज तिथेच चहा पीत हुकुमाची वाट बघत बसते. प्रिंटरमधून माझी कविता बाहेर आली, मुकादमाने कपबशी खाली ठेवली, आणि टोळी करवत, दोर, शिडी घेऊन आपल्या शाळेकडे रवाना झाली.

बघ, टेबलावरचं पुसता आलं, कोठारातलं मुळात बिघडलंच नव्हतं, पण कागद रस्त्यावर चालत निघाला होता आणि त्याला "नको" हे बटण नव्हतं. मुकादमाचा फोन कुणालाच ठाऊक नाही. कारकूनबाईंनी पर्स उचलली, मला स्कूटरवर मागे बसवलं, माझा फोन हातातून पडेल म्हणून डिकीत टाकला, आणि निघाल्या. रस्ते मी पाहिले नाहीत. एका वळणावर माझी टोपी गेली. मी "बाई, टोपी!" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "झाड की टोपी?" त्या दिवशी जो तो मला हेच विचारत होता. मी मिटल्या डोळ्यांनी एकच विचार करत होतो: आक्का येईल आणि मी तिला कापलेल्या बुंध्यावर बसवीन. आणि बुंध्यावर बसून ती विचारील, याचं कारण काय? आणि कारण म्हणून माझी कविता दाखवावी लागेल.

आवाराच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा करवतीचा आवाज येत नव्हता. मला वाटलं, उशीर झाला. डोळे उघडले. तुती उभी होती. तुझ्या आडव्या फांदीला दोर बांधलेला होता, आणि टोळी त्याच झाडाच्या सावलीत डबे उघडून बसली होती. मुकादम (अंगाने दरवाजाएवढा, मिशा कात्रीने आखलेल्या) चष्मा लावून हुकूम वाचत होता. मोठ्याने. बाकीचे चावायचे थांबून ऐकत होते.

मला बघून म्हणाला, "ऑफिसचे का? या, बसा. हे कारण कुणी लिहिलंय?"

मी म्हटलं, "मी."

"अहो, जन्म गेला झाडं तोडण्यात. कारण म्हणजे कसं, कीड लागली, तारांना लागतंय, भिंत फोडतंय. इथे लिहिलंय, 'तुझ्या फांदीवर बसुनी आम्ही'. बसल्याबद्दल तोडायचं? मग आधी बागेतली बाकं तोडा ना!"

टोळीतला एक जण म्हणाला, "आणि समुद्र कुठला घातलाय मध्येच? इथे नळाला पाणी नाही."

"तू गप," मुकादम म्हणाला, "समुद्र बरोबर आहे. ती डाग ओळखणाऱ्या आईची ओळ वाचताना मला आमची म्हातारी आठवली, म्हणून म्हटलं, थांबा रे, जेवून घ्या आधी." मग त्याने आपला फोन पुढे केला. संशय आल्यावर त्याने फोनवर झाडाचा नंबर घालून पाहिला होता. फोन सरळ कोठाराला विचारतो. तिथे निरोगी. "कागद म्हणतो तोडा, फोन म्हणतो ठणठणीत. दोघांचं भांडण मिटल्याशिवाय मी करवत लावत नाही. पुन्हा जोडता येत नाही ना."

मी तिथेच सावलीत बसलो. कुणीतरी पाणी दिलं, कारकूनबाईंनी पदराने वारा घालायचं नाटक केलं (खरं म्हणजे त्या स्वतःलाच घालत होत्या), आणि वरून एक पिकली तुती नेमकी माझ्या उघड्या टाळक्यावर पडली. आक्का, खोटं सांगत नाही, मी वर बघितलं ते तू बसली आहेस का हे पाहायला.

फांदीचा दोर माझ्यादेखत सोडला. पण हुकूम छापील असल्यामुळे मुकादमाला तो ऑफिसात जमा करावा लागतो आणि खाली दोन रकाने भरावे लागतात: काम झालं का, आणि नसल्यास कारण. पहिल्यात त्याने लिहिलं, "तोडले नाही." दुसऱ्यापाशी थोडा वेळ पेन चघळलं, वरची कविता पुन्हा वाचली, आणि लिहिलं, "वरीलप्रमाणे."

माझ्या कवितेवर आजवर झालेला हा एकच अभिप्राय. यापुढे दुसरा नाही मिळाला तरी चालेल.

दाजींना नमस्कार. यंत्र खणात असेल तर लेखी दाखव. तुझी भावजय तुझ्या पाया पडते आणि म्हणते, यांना कामाला लावायची कल्पना ज्याची असेल त्याला माझ्यासमोर आणा.

तुझा,
धाकटा

ता. क. : चिमणीने प्रोग्रॅममध्ये शिरायची माझी किल्ली बदलली आहे. आता मला झाडं नुसती बघता येतात, हात लावता येत नाही. आजोबांना काचेच्या कपाटापुढे उभं करावं तसं झालंय. तू आई आहेस, तिला दोन शब्द सांग. पिंपळाचं काम अर्धं राहिलंय, तो अजून तक्रार करतोच आहे.

ता. क. दुसरं : हुकूम कारकूनबाईंच्या कपाटात गेला आणि त्या तो सरकारी कागद म्हणून देत नाहीत. मला वर दिलेल्या कडव्यापुढचं काही आठवत नाही. मात्र कविता सुचत होती तेव्हा आठवडाभर मी तुला फोनवर तुकडे तुकडे ऐकवत होतो आणि तू मध्ये मध्ये "हं" म्हणत होतीस. ते हं जागेपणीचे असतील तर त्यापुढच्या ओळी लिहून पाठव. आणि डाग आईने ओळखले असं मी यमकासाठी लिहिलंय. ते तू आधीच धुऊन टाकायचीस, हे मला चांगलं ठाऊक आहे.

ता. क. तिसरं, आणि हे दाजींना वाचून दाखवू नकोस : टोळी निघाल्यावर मुकादम मागे राहिला. त्याने खोडाला कान लावून मुठीने वाजवलं, इकडून, तिकडून. म्हणाला, आतून पोकळ व्हायला लागलीय. आज काही होत नाही, खालच्या फांदीवर माणूस बसला तरी पेलेल. पण फार वर्षं धरू नका. नोंदीत मात्र निरोगीच आहे. हे त्याने फक्त मला सांगितलं, आणि मी चिमणीला नाही, ऑफिसला नाही, घरात नाही, कुठेच सांगितलेलं नाही. तूर्त नुसतं मेमरीत आहे. तेव्हा आक्का, गुडघ्यांची समजूत घाल आणि फळं संपायच्या आत ये. तू येऊन बसून गेलीस, की मग जतन करू.